मेलेल्या राजकुमारापायी अंबडला

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं चालू होतं. त्या साली श्रावण अधिक आला, म्हणजे दोन श्रावण लागले, आन् तिथूनच हा प्रवास निघाला. अंबडला जाऊन आलेले आमच्या गावात पुष्कळ आहेत. कोणी कोर्टापायी गेलं, कोणी देवीला गेलं. राजकुमाराच्या मयतीपायी गेलेले मात्र आम्ही दोघंच. जे गेले न्हाईत त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

धावडा

धावड्याला मारुतीच्या मंदिरात श्रावणात पोथी लागते. वाचणारा मी. माझी शाळा चौथीपर्यंत, पण माझा आवाज खालच्या गल्लीपर्यंत जातो आन् जोडाक्षराला मी भीत न्हाई. अर्थ सांगणारा किसनराव. रीत अशी की वाचणाऱ्यानं एक ओळ वाचून थांबायचं आन् अर्थ सांगणाऱ्यानं ती सोप्या बोलीत फोडून सांगायची.

त्या साली कपडा सोडून बघतो तर नेहमीची पोथी वाळवीनं खाल्लेली. आन् समोर दोन महिने. माझी नात वैशाली जालन्याला कॉलेजात शिकत होती. तिच्या खोलीवरून ती दोन जाडजूड पुस्तकं घेऊन आली. नाव ‘वज्रखोरं’, भाग पहिला आन् भाग दुसरा. वर सोनेरी मुकुट, खाली पिवळी घोडी.

“आबा, ही कादंबरी हाय. पोथी न्हाई,” ती म्हणाली.

“राजा हाय का ह्यात?”

“हाय.”

“राक्षस?”

“लई हायेत.”

“वनवास?”

“त्यो त सगळ्यांनाच हाय.”

“मंग पोथीच हाय.”

मी दोन्ही पुस्तकं लाल कपड्यात बांधली, चौरंगावर ठेवली, नारळ फोडला आन् वाचायला बसलो.

आता मी तुम्हाला तिकडचं सांगतो, कारण दोन महिने आम्ही तिथंच होतो. वज्रखोरं हा मुलूख सात डोंगरांच्या मधात आहे. जमीन काळीभोर, पाणी पायाशी, आन् इतकं असून कोणी काही पेरत न्हाई. दोन भागांत मिळून मला एक नांगर दिसला न्हाई. माणसं रानात सुकी रोटी आन् दुधाचा कसलासा गोळा खातात, वर ठेचा न्हाई, कांदा न्हाई, हात धुण्याची बात न्हाई. चाळीस हजार घोडी लढाईला निघाली तेव्हा मी वाचायचा थांबलो आन् सगळ्यांना विचारलं, ह्यांचा कडबा कुठं हाय. पण मुलूख देखणा. डोंगरावर रात्रीतून रंग बदलणारं धुकं, बोलणारी नदी, आन् पंख असलेला अजगर, जो म्हातारा झाल्यावर आपल्या जागी दुसरा नेमतो. हे आमच्याकडं न्हाई. आमच्याकडं म्हातारे जागा सोडत न्हाईत.

मी वाचायचो, “राजकुमार अंगारकेतू पिंगळीवर स्वार झाला.”

किसनराव डोळे मिटून म्हणायचा, “म्हणजे बघा मंडळी, बसला. कोण बसला? राजकुमार. कशावर बसला? घोडीवर. का बसला? जायचं होतं म्हणून.”

पैल्या आठवड्यात दहा माणसं होती. मंग बायांनी टीव्हीवरच्या मालिका सोडल्या. आमचा चाँदभाई टेलर पायरीच्या खाली खुर्ची टाकून ऐकायचा. बर्फाचा घाट वाचला त्या दिवशी तो मधातच उठून घरी गेला आन् शाल घेऊन आला. पिंगळी दरीत पडून मेली तेव्हा किसनरावानं अर्थ सांगायला तोंड उघडलं आन् त्याला काही सांगताच आलं न्हाई. असं पैल्यांदा झालं. मी मक्यात पाणी धरायचो तरी डोकं माझं तिकडंच. दारं चुकून बरंच पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं. तो काही बोलला न्हाई, तो बी मंदिरात बसायचा.

पोळ्याच्या दिवशी दुसऱ्या भागाचं शेवटचं पान आलं. अंगारकेतूला भाला लागला. आरपार. तो रणात पडला, वरून धुकं उतरलं, आन् खाली लिहिलं होतं, ‘दुसरा भाग समाप्त.’

मंदिरातूनच वैशालीनं दुकानात फोन लावला. तिसरा भाग निघालाच न्हाई म्हणले.

इथून खरा घोर सुरू झाला. पोथी कधी मढ्यावर थांबवायची नसते. मरणाचा अध्याय आला तर पुढचा शुभ अध्याय लागेपर्यंत वाचत जायचं, मंगच कपडा बांधायचा. हे आमच्याकडं लेकरालाही माहीत आहे. आन् माझ्या वैशालीचा साखरपुडा ठरला होता, तो बी किसनरावाच्याच नातवाशी. पोरगा फौजेत, सुट्टीवर आलेला. गणपतीतच उरकायचं होतं, कारण पुढं पितृपक्ष आन् त्याच्या आधी पोराची सुट्टी संपत होती.

पोळ्याला सहा दिवस झाले तेव्हा किसनराव सगळ्यांसमोर म्हणाला, “शेषराव, तुमच्या पोथीत मढं उघडं पडलंय. सुतक हाय. माझ्या घरचं शुभकार्य सुतकात होत न्हाई. बघा, पाऊस बी उघडलाय.”

“आबा, तो कागदावर मेला,” वैशाली म्हणाली.

“बाई, कागदावर त आपली जमीन बी हाय,” मी म्हणलो.

कारण किसनराव बराबर होता. माझ्या तोंडून ते कबूल झालं न्हाई, पण बराबर होता. पोथी मी लावली, माझ्या तोंडानं तो पोरगा मेला, आन् माझ्याच नातीची हळद त्याच्यापायी अडली. पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिणाऱ्या बाईचं नाव होतं आन् गाव अंबड. मी म्हणलो, उद्या जातो आन् त्याला जित्ता करून आणतो.

“मी बी येतो,” किसनराव म्हणाला. “तुम्ही वाटंतूनच फिराल आन् सांगाल, उठून बसला म्हणून.”

भोकरदन

भोकरदनच्या गाडीत चढलो. तिकिटावरून बोलणं निघालं. एसटीत माझं अर्धं तिकीट लागलं. किसनराव पंच्याहत्तरच्या वरचा म्हणून फुकट. आधार कार्डावर तो माझ्याहून पाच वर्षांनी थोरला आहे, खऱ्यात दोन वर्षांनी लहान. त्याला गोट्या खेळायला मी शिकवल्या.

“थोरल्या माणसाला खिडकी द्यावी,” तो म्हणाला.

“तुमच्या आधार कार्डाला देतो,” मी म्हणलो आन् खिडकीत बसलो.

भोकरदनला स्टँडबाहेर भजे खाल्ले. वज्रखोऱ्यात सहा डोंगर ओलांडले तरी एक हॉटेल लागत न्हाई. तिथली माणसं सारखी एकमेकांवर तलवारी का उपसतात, हे मला त्या गरम भज्यांपुढं कळलं. उपाशी माणसाचं डोकं फिरतंच. किसनरावानं माझ्या पानातली मिरची उचलली. मी उपसण्यासारखं काही जवळ ठेवलं नव्हतं.

जालना

पुढची गाडी जालन्याची. दुसरा भाग माझ्या मांडीवर, लाल कपड्यात. शेजारच्या बाईनं त्याला हात लावून कपाळाला लावला. विचारलं, “बाबा, कोणती पोथी?”

“वज्रखोऱ्याची.”

“कधी ऐकली न्हाई.”

“वाचा की मंग,” मागून एक जण बोलला. “गाडीत काय काम हाय दुसरं?”

मी कपडा सोडला. वेढ्याचा अध्याय काढला आन् माझ्या मंदिराच्या आवाजात वाचायला लागलो. गाडीच्या घरघरीवर माझा आवाज जातो, हे मला त्या दिवशी कळलं. किसनरावाला राहवलं न्हाई. तो उभा राहिला, वरचा दांडा धरला आन् अर्थ सांगायला लागला. “वेढा म्हणजे काय मंडळी? चारी बाजूनं. जायचं म्हणलं तर जाता येत न्हाई. जशी ही आपली गाडी.”

कंडक्टर घंटी वाजवायचा विसरला. एक जोडपं त्यांचं गाव आलं तरी उतरलं न्हाई. नवरा म्हणाला, दरवाजा फुटतो का तेवढं बघू आन् परतीच्या गाडीनं येऊ. जालन्याच्या स्टँडात गाडी थांबली तरी लोक उठंनात. एका बाईनं विचारलं, “बाबा, पुढं त्या राजकुमाराचं काय झालं?”

मी पुस्तक मिटलं. किसनरावानंच सांगितलं, “मेला.”

त्या बाईनं पदर डोळ्याला लावला आन् तशीच मोसंबीच्या गाड्याशी जाऊन उभी राहिली. मला वाईट वाटलं. मी किसनरावाला म्हणलो, “थोडं दमानं सांगायचं होतं.”

“मी अर्थ सांगतो,” तो म्हणाला. “दम तुम्ही वाचताना धरायचा होता.”

अंबड

अंबडला लिहिणाऱ्या बाईचं नाव घेऊन विचारलं तर लोकांनी कोर्टाकडं बोट दाखवलं. कोर्टाच्या आवारात शिरलो की काळ्या कोटातला एक वकील समोर आला. लाल कपड्यातलं बाड बघून त्याला वाटलं जमिनीची जुनी कागदपत्रं आहेत.

“काय मॅटर आहे बाबा?”

“मयतीचं हाय,” मी म्हणलो.

“मयताचं नाव?”

“अंगारकेतू.”

“वडिलांचं?”

“त्याला बी ह्याच गादीपायी मारलं.”

वकिलानं खुर्ची ओढून दिली. “वारस किती?”

किसनराव म्हणाला, “एक बहीण हाय. सावत्र काका हाय, त्यानं किल्ला दाबलाय. एक अजगर हाय, पण तो रक्ताचा न्हाई.”

वकिलानं ते लिहून घेतलं आन् विचारलं, “काकाचा ताबा किती वर्षांचा आहे?” तो हुशार असावा. पण आमच्याकडं त्याच्यापायी खर्चायला वेळ नव्हता.

बाई पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्युटर घेऊन बसली होती. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाईप करून देणारी. वय पंचेचाळीसच्या आसपास, चष्मा, बाजूला डबा. ही चाळीस हजार घोड्यांची मालकीण असेल असं वाटलं न्हाई.

मी कपडा सोडून पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. म्हणलो, “बाई, हा मेला. ह्याला जित्ता करा.”

तिनं पुस्तकाकडं बघितलं, मंग हळदीकुंकवाच्या डागांकडं. “तुम्ही हे वाचलं?”

“मी वाचलं. गावानं ऐकलं.”

“पूर्ण?”

“पोथी अर्धी वाचत न्हाईत.”

तिनं पानं उलटून दरीचं पान काढलं. मंग विचारलं, “पिंगळी मेली तेव्हा कोणी रडलं का?”

“मी न्हाई,” किसनराव म्हणाला.

“हाच रडला,” मी म्हणलो.

मंग मी तिला कामाचं बोललो. कडब्याचं विचारलं. ती म्हणाली, ते तिच्या ध्यानात आलं न्हाई. बोलणारी नदी डोंगराच्या वर का चढते ते विचारलं. ती म्हणाली, जादू आहे. मी म्हणलो, जादू असली तरी उताराला लागतंच पाणी. तिनं कबूल केलं न्हाई. ती बी हट्टी आहे. मंग मी विचारलं, तिसरा भाग कुठं अडलाय.

“लिहिलाच न्हाई,” ती म्हणाली. “दुसऱ्या भागानंतर मला कोणी विचारलंच न्हाई, पुढं काय झालं म्हणून. मंग मी बी स्वतःला विचारलं न्हाई.”

“आता आम्ही विचारून राह्यलो ना.”

“पण बाबा, तो उठायचा न्हाई. भाला आरपार गेलाय.”

“डाव्या बाजूनं का उजव्या?” किसनराव म्हणाला. “आमचा एक चुलता विहिरीत पडून पहारीवर आला होता. पुढं त्याला तीन लेकरं झाली.”

“डाव्या.”

“मंग अवघड हाय.”

मी तिला साखरपुड्याचं सगळं सांगितलं. ती हसली न्हाई. दिवसभर मयत माणसांचेच कागद टाईप करत होती, तिला त्यातली अडचण कळत होती. तिनं डबा उघडला, भाकरी मोडून आमच्या हातावर दिली, वर मेथीची भाजी. तीन भाकरी होत्या, तिघांत एकएक झाली. खाताना ती म्हणाली, “चूक माझी हाय. त्याला मारलं आन् तसंच रणात सोडलं. त्याचं कोणी काही केलंच न्हाई.”

“मंग आम्ही करू का?” मी म्हणलो.

“करा. मी त्याच्या आईसारखीच. माझी हरकत न्हाई.”

“गोत्र काय त्याचं?” किसनरावानं विचारलं.

बाईला माहीत नव्हतं. ज्याचं माहीत न्हाई त्याचं काश्यप धरतात, म्हणून काश्यप धरलं. चाँदभाईच्या फोनवरून लावता यावा म्हणून तिचा नंबर किसनरावानं लिहून घेतला आन् आम्ही उठलो. परतीच्या गाडीत त्यानं मला खिडकी मागितली न्हाई.

परत धावडा

पोळ्यापासून धरलं तर दहावा दिवस दोन दिवसांवर आला होता. गावातले गुरुजी म्हणाले, ज्याचा जन्म न्हाई त्याचं दहावं मला येत न्हाई. म्हणून मीच करायचं ठरलं. डोकं कोणी करायचं, हा प्रश्न आला. किसनरावाला टक्कल. तो म्हणाला, माझं झालेलंच समजा.

सकाळी बंधाऱ्याखाली नदीच्या पात्रात सगळी पोथीची मंडळी आली. बाया वर काठावर उभ्या राहिल्या, त्यात वैशाली. किसनरावाचा नातू बी आला, सुट्टीचा त्याचा आखरीचा आठवडा चालू होता. मी भाताचा पिंड ठेवला, हात जोडले आन् बाजूला झालो.

कावळे बाभळीवर बसून होते. एक बी खाली येईना. कावळा शिवत न्हाई म्हणजे गेलेल्याची इच्छा अडकलेली असते. ती ओळखायची आन् त्याला शब्द द्यायचा, मंग तो शिवतो.

मी म्हणलो, “पिंगळीच्या जागी घोडी घेऊ.” न्हाई.

“बहिणीला गादीवर बसवू.” न्हाई.

“काकाला किल्ल्यातून काढू,” मागून कोणीतरी बोललं.

“तुला तुझ्या भावाला वाड्यातून काढता आलं न्हाई,” दुसरा त्याला म्हणाला.

ऊन चढायला लागलं. किसनरावाचं तोंड पडलं होतं. कावळा शिवला न्हाई तर सुतक फिटलं असं त्याला बी म्हणता येत नव्हतं, आन् आता त्याला बी ते म्हणायचं होतं.

चाँदभाई दगडावर बसून होता. तो म्हणाला, “शेषराव, एक बोलू का? मयत कुठलं? वज्रखोऱ्याचं. हे कावळे कुठले? धावड्याचे. ह्यांची वळख न्हाई, पाळख न्हाई. तिकडचाच कावळा पायजे.”

हे बिलकुल खरं होतं. त्यानं फोन लावला, मोठ्या आवाजावर टाकला आन् माझ्या हातात दिला.

“बाई,” मी म्हणलो, “तुमच्याकडून एक कावळा सोडा.”

पलीकडं कोणीतरी सातबाऱ्याचं बोलत होतं. बाई त्याला म्हणाली, “थांबा जरा.” मंग बोटांचा टकटक आवाज आला. आन् ती वाचायला लागली, “रणातलं धुकं विरलं. लोकांनी नदीकाठी पिंड ठेवला. दूरवरून एक कावळा आला आणि वडाच्या फांदीवर बसला.”

सगळे फोनजवळ सरकले.

“आता?” मी म्हणलो.

“आता तो खाली येत न्हाई,” बाई म्हणाली. “का येत न्हाई, ते मला कळंना. तुम्ही बोला काही.”

आम्ही पुन्हा घोडीचं बोललो, गादीचं बोललो. ती दर वेळी टकटक करायची आन् म्हणायची, “न्हाई. मान फिरवली.” चाँदभाईनं सांगितलं, त्याला चांगला अंगरखा शिवू. “न्हाई.” कोणी म्हणलं, तिसरा भाग निघाला की गावजेवण घालू. “त्यात त्याचं काय?” बाई म्हणाली.

किसनरावानं माझ्या हातातून फोन घेतला. वर काठाकडं एकदा बघितलं. त्याचा आवाज अर्थ सांगायचा नव्हता, तो फोनमध्ये असा बोलला जसं घरातल्या लहान माणसाशी बोलावं.

“पोरा, तू गेलास. लई वाईट झालं. आम्ही सगळे तुझ्यापायी थांबलो. पण आता ऐक. तुझ्या माघारी कोणाचं अडणार न्हाई. गादीवर कोणी ना कोणी बसंल. रानं पेरतील, आता तरी पेरतील. पोरींची लगीनं होतील. ह्या शेषरावाच्या नातीचं बी मी अडवत न्हाई. तुझ्या नावानं कोणाचं थांबलं असं व्हायचं न्हाई. जाय तू.”

फोनमध्ये टकटक सुरू झाली, पैल्यापेक्षा जल्दी. बाईनं वाचलं, “कावळा फांदीवरून उतरला. त्यानं भाताचा घास उचलला आणि डोंगरांच्या दिशेनं उडाला.”

नदीतल्या सगळ्यांनी हात जोडले. चाँदभाईनं टोपी नीट केली. आमचे कावळे बाभळीवर तसेच बसून होते, पण त्यांच्याकडं कोणी बघितलं न्हाई. किसनराव नातवाला म्हणाला, “जाय, घरी सांग. उद्याच उरकू.”

मी बाईला म्हणलो, “झालं बाई, शिवला. उपकार झाले.” टकटक चालूच होती. ती आम्हाला विसरली होती. आम्ही फोन वाळूवर ठेवला आन् भोवती बसलो. मधूनच ती स्वतःशी म्हणायची, “कडबा, कडबा,” आन् पुन्हा टकटक. बॅटरी संपेपर्यंत कोणी उठलं न्हाई.

साखरपुडा व्हायच्या आधी कोणाला व्याही म्हणू नये, असं आमच्याकडं मानतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, मंडप बांधणारे यायच्या बी आधी, मी अंघोळ करून खालच्या गल्लीत गेलो, किसनरावाच्या ओट्यावर बसलो आन् दार उघडायच्या आतच आवाज दिला, “व्याही, चहा ठेवा.”